उभ्या गाडीचे छायाचित्र

नाशिकला मोटारगाडी परकी नाही. २००२ साली महिंद्रची स्कॉर्पिओ येथील कारखान्यातून बाहेर पडली आणि पुढे नवी थारही येथेच घडू लागली. डिझेल इंजिनाला इंधन पुरविणारे बॉशचे भाग आणि सिएटचे टायर याच शहरात तयार होतात. सुट्या भागांच्या व्यापारावर उभी राहिलेली व्यापारी घराणी सातपूर-अंबडपासून द्वारकेपर्यंत पसरलेली आहेत. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेतील महाराष्ट्राची फेरीही अनेकदा नाशिक परिसरातील कच्च्या रस्त्यांवर धावली आहे. तथापि शर्यतीच्या गाड्या एका छताखाली, दिव्यांच्या झोतात, हात लांबविला तर लागतील इतक्या जवळून पाहावयाच्या असतील तर नाशिककरास कसारा घाट उतरावा लागतो. मुंबईत अनेक वर्षे भरलेला ऑटोकार परफॉर्मन्स शो किंवा १९८६ पासून दिल्लीत आणि तिच्या आसपास भरत आलेला ऑटो एक्स्पो ही त्यासाठीची ठिकाणे होत.

अशा प्रदर्शनाला घरातील तरुण मुले कॅमेरा घेऊन जातात आणि परत आल्यावर वडील विचारतात, "दोन दिवस दुकान सोडून गेलास, हाती काय आले?" मुलगा सहाशे छायाचित्रे दाखवितो. त्यांपैकी बहुतेकांत बॉनेटवर छताच्या दिव्यांच्या पांढऱ्या रेषा उमटलेल्या असतात, कडेला कोणाचा तरी कोपर असतो आणि गाडीचे नाक फुग्यासारखे फुगलेले असते. वडिलांचा प्रश्न व्यापाऱ्याचा आहे आणि रास्त आहे. त्याचे उत्तरही व्यापाऱ्याला पटेल असेच द्यावयास हवे.

आरंभी या प्रदर्शनांच्या जन्माची हकीकत सांगणे उचित ठरेल, कारण तिचा संबंध एका मसाल्याच्या गिरणीशी आहे. योखेन रिंट हा ग्रँड प्रीचा नामांकित शर्यतपटू. जर्मनीतील माइन्त्स येथे त्याच्या घराण्याची मसाले दळण्याची गिरणी होती. १९४३ साली हाम्बुर्गवरील बाँबवर्षावात त्याचे आईवडील दगावले. आजी-आजोबांनी त्याला ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वाढविले. वारशाने आलेल्या गिरणीच्या पैशातून त्याने शर्यतीची हौस भागविली, हे ऐकून आपल्याकडील एखादे आजोबा कपाळाला हात लावतील. परंतु त्याच्या रक्तातील व्यापारही सुटला नव्हता. १९६५ साली त्याने व्हिएन्ना येथे केवळ शर्यतीच्या गाड्यांचे प्रदर्शन भरविले. रस्त्यावर विकत न मिळणारी, वापरून झिजलेली गाडी पाहावयासही लोक तिकीट काढतात, हे त्याने ओळखले. पुढे हे प्रदर्शन जर्मनीतील एसेन येथे गेले. रिंट १९७० साली मोंझा येथे सरावात मृत्यू पावला आणि त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या राष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात १९९१ पासून जानेवारीत भरू लागलेले ऑटोस्पोर्ट इंटरनॅशनल हे याच परंपरेतील.

आता छायाचित्राकडे वळू. बंदिस्त दालनात पहिली अडचण उजेडाची. छताला एका जातीचे दिवे, मांडणीवाल्याने लावलेले झोत दुसऱ्या जातीचे, मागच्या मोठ्या पडद्याचा निळा प्रकाश तिसरा आणि दार उघडे असेल तर बाहेरचे ऊन चौथे. एकाच गाडीचे एक दार पिवळसर, तर दुसरे निळसर दिसते. कापडाच्या दुकानात साडी निवडताना अनुभवी गृहिणी ती उचलून दुकानाच्या दारापाशी नेते आणि उजेडात रंग पाहते, याचे कारण हेच आहे. गाडी उचलून दारापाशी नेता येत नाही. म्हणून जाणकार छायाचित्रकार ज्या दिव्याचे राज्य अधिक त्याच्याखाली कोरा पांढरा कागद धरून प्रथम त्याचे चित्र घेतो, कॅमेऱ्याला "हे पांढरे" असे सांगतो आणि मगच पुढे जातो. चांगल्या कॅमेऱ्यात आणि आता अनेक मोबाईलमध्येही 'रॉ' स्वरूपात चित्र साठविण्याची सोय असते; तिचा उपयोग केल्यास रंगाची दुरुस्ती घरी बसून सावकाश करता येते.

याच दिव्यांची आणखी एक खोडी आहे. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा, त्यामुळे कित्येक दिवे सेकंदास १०० वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर फार जलद ठेवले तर चित्रात आडवे काळसर पट्टे येतात. सेकंदाच्या ५० व्या किंवा १०० व्या भागाइतके शटर ठेवले की पट्टे बहुधा नाहीसे होतात. गाडी उभी असल्याने एवढा वेळ परवडतो. हात मात्र स्थिर हवा. तिवईला गर्दीत कोणी उभे राहू देत नाही, तेव्हा खांबाला पाठ टेकावी, कोपर बरगडीशी धरावेत आणि श्वास अर्धा सोडून कळ दाबावी. फ्लॅश वापरण्याचा मोह टाळावा. रंगीत चकाकत्या पत्र्यावर तो एक पांढरा डाग तेवढा उमटवितो.

परंतु खरी परीक्षा प्रतिबिंबाची. नाशिकच्या तांबट आळीतील किंवा भांडी बाजारातील ज्या दुकानदाराने पितळी कळशीचे चित्र ऑनलाइन विक्रीसाठी काढून पाहिले असेल, त्याला हे समजावून सांगावयास नको. कळशीचे चित्र काढावे आणि त्यात कळशीपेक्षा आपलाच चेहरा, हातातला मोबाईल आणि मागची ट्यूबलाइट दिसावी! मोटारीचे अंग म्हणजे अशीच एक लांबलचक, वळणावळणाची कळशी. तिचा स्वतःचा रंग आपल्याला फार थोडा दिसतो. दिसते ते सभोवतालचे जग. म्हणून कसलेला छायाचित्रकार गाडीकडे पाहण्याआधी गाडीत काय दिसते आहे हे पाहतो. एक पाऊल डावीकडे सरकले तर छताच्या दिव्यांची रेष दारावरून उतरून खालच्या कडेला जाते. गुडघे टेकून कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणला तर छत नाहीसे होऊन त्या जागी काळोखी भिंत येते आणि अंगाची वळणे एकदम उठून दिसतात. काळा किंवा गडद कपडा घालून जावे, हा साधा सल्लाही येथेच उपयोगी पडतो. पांढऱ्या सदऱ्यातला छायाचित्रकार प्रत्येक दारावर भुतासारखा उभा असतो.

प्रतिबिंब कमी करण्यासाठी पोलरायझर नावाची फिरती काच भिंगापुढे लावतात. रंगाच्या लकाकीवरचे आणि काचेवरचे प्रतिबिंब ती विशिष्ट कोनातून बरेच कमी करते, मात्र उघड्या धातूपुढे, उदाहरणार्थ पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमपुढे किंवा आपल्या त्या पितळी कळशीपुढे, तिचे फारसे चालत नाही. पुष्कळ जण ही काच विकत घेतात आणि मग भांड्यांवर ती चालत नाही म्हणून दुकानदाराशी भांडतात. शर्यतीच्या गाडीत तिची आणखी एक गंमत दिसते. अशा पुष्कळ गाड्यांना वजन वाचविण्यासाठी काचेऐवजी पॉलिकार्बोनेटच्या खिडक्या असतात. पोलरायझरमधून पाहताच त्यांवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात. ते नको असतील तर काच थोडी फिरवावी. तरीही खिडकी साध्या काचेची नाही, हे त्या पट्ट्यांवरून कळले, हा लाभच समजावा.

भिंगाविषयी थोडक्यात. मोबाईलचे मुख्य भिंग बरेच रुंद कोनाचे असते. जवळ जाऊन त्याने चित्र घेतले की पुढचा भाग अवास्तव मोठा आणि मागचा आखूड येतो. प्रमाणबद्ध गाडी बेडकासारखी दिसते. दोन पावले मागे जाऊन दुप्पट झूम वापरावा. मागे जागा नसेल, आणि प्रदर्शनात ती नसतेच, तर सकाळी दारे उघडण्याच्या वेळी पोहोचावे. पहिल्या तासाभरात जे मिळते ते दुपारी पाचपट खटपट करूनही मिळत नाही.

येथवर सांगितले ते तंत्र झाले, आणि तंत्र चार रविवारांत येते. चित्र कशाचे काढावे हे समजण्यास अधिक वेळ लागतो. नव्या विक्रीच्या गाडीचे सारे सौंदर्य तिच्या नवेपणात असते. शर्यतीच्या गाडीचे तसे नाही. ती वापरलेली असते आणि तिच्या अंगावर तिच्या कामाचा जमाखर्च लिहिलेला असतो. नाकावर खड्यांनी उडालेले रंगाचे टवके, चाकाच्या कमानीच्या आत राहिलेली वाळलेली माती, घाईत मारलेली चिकटपट्टी, उष्णतेने निळसर पडलेला एक्झॉस्टचा नळ ही तिची खरी पाने. प्रदर्शनापूर्वी गाडी धुऊन पुसून आणतात, तरी चाकाच्या मागे वाकून पाहणाऱ्यास रॅलीतील एखादा रस्ता सापडतोच.

आणि काही खुणा अशा असतात की त्यांचा अर्थ ठाऊक नसलेला माणूस त्यांना जाहिरातीचे स्टिकर समजतो. निळ्या त्रिकोणात विजेची लाल ठिणगी दिसली तर तेथे गाडीचा सारा विद्युतप्रवाह एका झटक्यात तोडणारे बटण असते. पांढऱ्या वर्तुळाला लाल कडा आणि आत लाल अक्षरात 'ई' असेल तर तेथून आग विझविण्याची यंत्रणा सुरू होते. बाण दाखवितो तो गाडी ओढून काढण्याचा आकडा. रॅलीच्या गाडीच्या मागच्या बाजूच्या खिडकीवर चालक आणि सहचालक यांची नावे आणि त्यांच्या देशाचा ध्वज असतो. अनेकदा जवळच त्यांचा रक्तगटही लिहिलेला आढळतो. गाडी उलटली, आतील माणसे बोलू शकत नाहीत, आणि धावत आलेल्या अनोळखी माणसाला दोन सेकंदांत सर्व कळले पाहिजे, या एका विचाराने ही चिन्हे रंगविलेली आहेत. खिडकीतून आत पाहिले तर पोलादी नळ्यांचा पिंजरा दिसतो. तो छत चेपू नये म्हणून. जेव्हा एखादा विद्यार्थी त्या चमकदार गाडीच्या सहाशे चित्रांऐवजी त्या रक्तगटाचे, त्या ठिणगीचे आणि त्या पिंजऱ्याचे मिळून एक चित्र आणतो, तेव्हा त्याला गाडी समजू लागली असे म्हणता येते. पोलरायझरचा खरा उपयोगही अशा वेळी होतो. काचेवरील झगमगाट बाजूला सरतो आणि आतील पिंजरा दिसतो.

खेदाची गोष्ट अशी की, आज याच खुणा संगणकावर पुसून टाकण्याची फॅशन आहे. चिकटपट्टी नको, टवके नकोत, मागची गर्दी नको. बोट फिरविले की सारे नाहीसे होते. सजावटीच्या भित्तिचित्रापुरते ते क्षम्य मानता येईल. पण ही सवय दुकानात आली की प्रश्न वेगळा होतो. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत आता पहिली भेट छायाचित्राचीच असते. दारावरचा पोचा चित्रातून पुसून गाडी विकणारा माणूस चित्र सुंदर करीत नसतो, चुकीचे विधान करीत असतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. तेव्हा मोबाईल नव्हता, पण कलम १७ मधील कपट आणि कलम १८ मधील चुकीचे निवेदन यांच्या व्याख्या अशा प्रकारास सहज लागू पडू शकतात, आणि फसलेल्या खरेदीदारास कलम १९ अन्वये करार रद्द ठरविण्याचा मार्ग मोकळा असतो. बँकेच्या वाहनकर्जाच्या फाईलमध्ये जी चित्रे लावतात ती कोणी भिंतीवर टांगणार नाही: चारही बाजू, नंबरप्लेट, किलोमीटरचा आकडा, इंजिन, आणि जोडीला चासी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा. मूल्यांकन करणारा माणूस सपाट उजेडात, सरळ उभे राहून, काहीही न लपविता ती घेतो. त्या चित्रांवर लाखो रुपये दिले जातात. प्रदर्शनातील छायाचित्रकाराने आपली कला जरूर दाखवावी. एक डोळा मात्र या मूल्यांकनकाराचा ठेवावा.

उभ्या गाडीत वेग कसा दाखवावा, हा जुना प्रश्न आहे. फ्रान्समधील जाक आंरी लार्तीग या श्रीमंत घरच्या मुलाला वडिलांनी लहानपणीच कॅमेरा दिला होता. १९१२-१३ च्या सुमारास, वयाच्या अठरा-एकोणीसाव्या वर्षी, त्याने फ्रेंच ग्रँड प्रीमधील धावत्या गाडीचे एक चित्र घेतले. त्यात गाडीचे चाक लांबट होऊन पुढे कललेले आणि कडेचे प्रेक्षक व खांब उलट बाजूस कललेले दिसतात. त्या काळच्या कॅमेऱ्याच्या पडद्याची फट काचेवरून सावकाश सरकत असे आणि त्याने कॅमेराही गाडीबरोबर फिरविला होता, म्हणून हा तिरपेपणा आला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६३ साली त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि मग हे चित्र जगभर गेले. बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात छताखालीच धावपट्टी आखून गाड्या पळविल्या गेल्या आहेत. अशा वेळी लार्तीगप्रमाणे कॅमेरा गाडीबरोबर फिरवून चित्र घेता येते, इतकेच की प्रकाश कमी असल्यामुळे दहांतील नऊ चित्रे वाया जातात.

ज्या काळात लार्तीग धावत्या गाडीला थांबवू पाहत होता, त्याच काळात त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके थांबलेल्या वस्तूला धावावयास लावीत होते. दादासाहेब मूळचे छायाचित्रकार. गोध्रा येथे त्यांचा स्टुडिओ होता. विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले, चित्रपटाचा कॅमेरा घेऊन आले, आणि भांडवल देणाऱ्यास विश्वास वाटावा म्हणून कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे अनेक दिवस थोडे थोडे चित्रण करून त्यांनी अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला आणि त्यानंतर फाळक्यांनी आपला कारभार नाशिकला हलविला. नाशिकच्या मातीत कॅमेऱ्याची विद्या नवी नाही, हे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकावरून जाताना आठवावयास हरकत नाही. हिशेबी वाचकाच्या दृष्टीने वाटाण्याचे ते रोप अधिक बोलके आहे. भांडवलदारास पटविण्यासाठी दाखविलेला तो पुरावा होता, आणि तो खरा होता.

आता वडिलांच्या प्रश्नाचा व्यवहारी भाग. प्रदर्शनात एखादा मांडणीवाला मुलाची चित्रे पाहून म्हणतो, "आमच्यासाठीही काढा, पैसे देतो." आनंदात मुलगा होकार देतो आणि लेखी काहीच करीत नाही. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे छायाचित्राचा पहिला हक्क ते काढणाऱ्याचा. परंतु कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढले असेल, तर उलट करार नसल्यास तो हक्क सांगणाऱ्याचा होतो. म्हणजे पाच हजार रुपयांना एकदाच दिलेले चित्र पुढे दहा वर्षे फलकांवर झळकले, तरी मुलाला विचारण्याचे कारण उरत नाही. दोन ओळींचे पत्र, निदान संदेशाची देवाणघेवाण, आधी व्हावी: चित्रे किती, कोठे वापरणार, किती काळ, हक्क कोणाचा. स्वतःच्या हौसेने काढलेल्या चित्राचा हक्क मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. मालमत्ता म्हणून पाहिले तर ही मुदत अनेक भाडेपट्ट्यांपेक्षा मोठी आहे. गाडीशेजारी उभ्या असलेल्या व्यक्तींचे, विशेषतः लहान मुलांचे चित्र त्यांच्या किंवा पालकांच्या संमतीवाचून व्यापारी कामास वापरू नये, हेही मुलास सांगून ठेवावे.

आणि जे शिकून तो येतो ते दुकानातच कामास येते. दालनातील पांढऱ्या कागदाची युक्ती पैठणीचा खरा रंग दाखविते. ग्राहक "चित्रात वेगळी होती" म्हणून माल परत पाठवीत नाही. एक पाऊल डावीकडे सरकण्याची सवय चांदीच्या ताटावरून ट्यूबलाइट हटविते. हेडलाइटच्या उंचीवर वाकलेला गुडघा गॅरेजमधील सुट्या भागांच्या यादीसाठीही तसाच वाकतो. प्रवासखर्च आणि तिकीट यांच्या पलीकडे हाती काय आले, याचा हिशेब वडिलांनी पुढच्या तिमाहीत परत आलेल्या मालाच्या रकान्यात पाहावा.

ज्यांना शक्य असेल त्यांनी शेवटच्या संध्याकाळपर्यंत थांबावे. दालनात आगीचा धोका नको म्हणून अशा प्रदर्शनांत गाड्यांच्या टाकीत इंधन जेमतेम ठेवतात आणि बॅटरीच्या तारा सोडवितात. त्यामुळे प्रेक्षक गेल्यावर ताशी दोनशे किलोमीटर धावणारी गाडी चार मेकॅनिक हातांनी ढकलीत मालमोटारीकडे नेतात. एक जण खिडकीतून हात घालून सुकाणू धरतो. झोत विझलेले असतात, छताचे साधे दिवे उरतात, दोऱ्या गुंडाळलेल्या असतात, आणि गाडीभोवती प्रथमच तिची स्वतःची माणसे असतात. त्या वेळी परवानगी मागितली तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. शटर ५० व्या भागावर ठेवावे, ढकलणाऱ्यांचे हात चित्रात येऊ द्यावेत, आणि दाराशी चढण लागली की कॅमेरा गळ्यात अडकवून आपणही एक हात लावावा.